व्यावसायिक स्क्वॉश कसा पाहावा आणि त्यातले काय आपल्या कोर्टवर आणावे

रात्री सामना पाहून सकाळी कोर्टवर उतरलेला क्लबचा खेळाडू पहिल्याच गेममध्ये ओळखू येतो. एरवी बरे ड्राइव्ह, म्हणजे भिंतीलगत मागच्या कोपऱ्यात जाणारे लांब फटके, मारणारा हा गृहस्थ त्या दिवशी मनगट फिरवून प्रत्येक चेंडू पुढच्या कोपऱ्यात घालायला बघतो आणि समोरच्या भिंतीखालच्या पत्र्याचा आवाज गॅलरीपर्यंत पोचतो. याचे कारण त्याच्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. प्रक्षेपणात पुन्हा पुन्हा दाखवला जातो तो शेवटचा फटका. त्याआधीचे वीस-पंचवीस फटके, ज्यांनी प्रतिस्पर्ध्याला हळूहळू जागेवरून उठवले, ते नजरेतून निसटतात. सामना पाहण्याची जी पद्धत पुढे पायरीपायरीने मांडली आहे, तिचा गाभा असा की ज्याची मारण्याची पाळी नाही त्या खेळाडूकडे बघायचे आणि एका सामन्यातून एकच गोष्ट उचलून कोर्टवर न्यायची.

पुण्यात स्क्वॉश खेळला जातो तो जुन्या क्लबांत, लष्कराच्या आवारांत, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि अलीकडे बाणेर, बालेवाडी, खराडीकडच्या मोठ्या गृहसंकुलांच्या क्लबहाउसमध्ये. संकुलातल्या कोर्टवर प्रशिक्षक असेलच असे नाही आणि तिथले बरेच जण बॅडमिंटन किंवा टेनिस सोडून इकडे वळलेले असतात. चांगला खेळ कसा दिसतो हे त्यांना पडद्यावरूनच कळणार, आणि सध्या पाहण्यासारखे पुष्कळ आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशचा प्रथमच समावेश होत आहे. तो निर्णय ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. डिसेंबर २०२५मध्ये भारताने चेन्नईत विश्वचषकही जिंकला.

पायरी पहिली: दोन कोर्टांमधला फरक आधी समजून घ्या

क्लबच्या आणि व्यावसायिक कोर्टची मापे तीच असतात. कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद असते. फरक पडतो तो टिनमध्ये, म्हणजे समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या, चेंडू लागला तर चूक ठरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत. क्लबच्या कोर्टवर तिची उंची ४८ सेंटिमीटर असते, तर व्यावसायिक स्पर्धांत ती ४३ सेंटिमीटर ठेवतात. पाच सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण चेंडूचा व्यासच मुळी सुमारे ४० मिलिमीटर आहे. पडद्यावर टिनच्या वरून जेमतेम निसटलेला जो ड्रॉप, म्हणजे पुढच्या कोपऱ्यात हळूच टाकलेला चेंडू, पाहून आपण वाहवा करतो, तो आपल्या कोर्टवर सरळ पत्र्यावर आदळला असता. खाली मारण्याचा मोह आवरायला एवढी एक गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

दुसरा फरक चेंडूच्या तापण्याचा. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू सर्वांत संथ असतो आणि सतत जोराने मारून तापवल्याशिवाय तो नीट उसळत नाही. व्यावसायिक खेळाडू तो मिनिटा-दोन मिनिटांत तापवतात आणि सामनाभर तसाच राखतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाचा स्लॉट घेणाऱ्यांचा अनुभव अगदी उलटा असतो: चेंडू तापतच नाही आणि चांगला मारलेला ड्राइव्हसुद्धा मागच्या भिंतीपर्यंत न पोचता मध्येच मरतो. अशा थंडीत एका पिवळ्या ठिपक्याचा चेंडू वापरावा. डनलॉपच्या वर्गवारीनुसार तो सुमारे १० टक्के आणि लाल ठिपक्याचा चेंडू सुमारे २० टक्के अधिक काळ हवेत राहतो. दोन ठिपक्यांचा चेंडू म्हणजे प्रतिष्ठेचा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिच्यापायी कित्येकांना लांब रॅली म्हणजे काय हे वर्षानुवर्षे कळत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये अडचण वेगळी असते. गच्च दमट हवेत बंद कोर्टच्या भिंतींना पाणी सुटते आणि चेंडू तिथून घसरत, अंदाजापेक्षा खाली येतो. भिंती ओलसर असताना नवे काही शिकायला जाऊ नये आणि जमीन ओली असेल तर खेळूच नये.

पायरी दुसरी: सामना आणि खेळाडू निवडून घ्या

सर्वांत चमकदार खेळाडू हा सर्वांत चांगला शिक्षक असतो असे नाही. इजिप्तच्या रॅमी अशूरचे जुने सामने जरूर पाहावेत, पण आनंदासाठी. त्याने ज्या स्थितीतून जे फटके मारले ते अनुकरणासाठी नव्हेत. शिकायचे असेल तर वेल्सचा जोएल मॅकिन निवडावा. त्याचा खेळ काहींना रुक्ष वाटतो, पण बाजूच्या भिंतीला चिकटून मागच्या कोपऱ्यात जाणारा चेंडू किती वेळा आणि किती चिकाटीने मारता येतो, हे त्याच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवेल. न्यूझीलंडचा पॉल कोल व्हॉलीसाठी, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यासाठी, आणि दमसासासाठी पाहावा. पेरूचा दिएगो एलियास, २०२४चा जगज्जेता, उंचीचा आणि फटका क्षणभर रोखून मारण्याच्या कलेचा उपयोग कसा करावा हे दाखवतो. चार वेळा जगज्जेता ठरून २०२५मध्ये निवृत्त झालेला अली फराग हालचालीसाठी अजोड आहे. महिलांमध्ये नूर एल शेर्बिनी आणि नूरान गोहर यांच्यातल्या लढती घ्याव्यात: एकीचा नाजूक हात आणि दुसरीचा दणकट मारा एकाच सामन्यात तुलनेला मिळतात. आपल्याकडच्या खेळाडूंपैकी सौरव घोषालचे सामने मी प्रत्येक नवोदिताला सुचवतो. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष खेळाडू. अंगापिंडाने लहान असलेला खेळाडू केवळ पायांच्या हलकेपणावर मोठ्यांना किती वेळ झुलवत ठेवू शकतो, हे त्याच्या खेळात दिसते.

वेळेचेही पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात जानेवारीत होणाऱ्या स्पर्धेतली तिथली संध्याकाळची लढत आपल्याकडे पहाटे लागते, तर कैरोतली रात्री. जागरण करून थेट सामना पाहण्याची हौस वेगळी. अभ्यासासाठी मुद्रित करून साठवलेला सामनाच बरा, कारण तो थांबवता येतो. पूर्ण सामना बघण्याचीही गरज नाही. ११ गुणांचा एक गेम नीट पाहिला तरी एका बैठकीला तेवढे पुष्कळ होते.

पायरी तिसरी: कॅमेरा काय लपवतो ते ओळखा

नेहमीचा कॅमेरा मागच्या भिंतीच्या मागे, थोडा उंचावर असतो. त्यातून कोर्टची लांबी दबलेली दिसते. परिणामी वेग प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो, लॉबची, म्हणजे उंच उडवलेल्या फटक्याची, उंची कळत नाही आणि खेळाडू दोन पावलांत पुढच्या कोपऱ्यात पोचतात असे वाटते. फटका समोरच्या भिंतीवर नेमका कुठे लागला ते मात्र या कोनातून उत्तम दिसते, म्हणून नजर तिथे ठेवावी. मागच्या कोपऱ्यातून मारलेले सरळ ड्राइव्ह बहुतेक वेळा सर्व्हिस लाइनच्या बरेच वर लागतात. ही रेषा जमिनीपासून १.७८ मीटरवर आहे. क्लबचे खेळाडू जोर लावतात पण चेंडू तिच्या खाली मारतात. मग तो कोर्टच्या मध्यातच उसळतो आणि समोरच्याला आयता मिळतो.

पायरी चौथी: चेंडू सोडा, न मारणाऱ्याकडे बघा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आवाज बंद करा, एक खेळाडू निवडा आणि पाच-सहा गुण होईपर्यंत चेंडूकडे न बघता केवळ त्याच्याकडे बघा. पहिले काही क्षण हे फार अवघड जाते, कारण डोळा सवयीने चेंडूमागे धावतो. पण एकदा जमले की तीन गोष्टी दिसू लागतात.

पहिली म्हणजे परतीची वेळ. फटका मारून झाल्यावर खेळाडू तो कसा गेला हे बघत उभा राहत नाही. रॅकेट खाली येते तोवर त्याचे शरीर टी-कडे, म्हणजे कोर्टच्या मधल्या रेषा जिथे मिळतात त्या जागेकडे, निघालेले असते. तो नेमका त्या छेदावर थांबत नाही, साधारण पाऊलभर मागे थांबतो. मागच्या कोपऱ्यांत जाणारे चेंडू मधेच व्हॉलीवर घ्यायला ती जागा सोयीची पडते. चांगला ड्राइव्ह मारला असेल तर तो शांतपणे चालत परत येतो. फटका सैल गेला असेल तर त्याची धावपळ दिसते. म्हणजे चेंडू न बघताही, परतणाऱ्याच्या घाईवरून, फटका कसा होता ते सांगता येते. हा खेळ दोघांनी मिळून करून पाहायला मजा येते.

दुसरी गोष्ट मान. प्रतिस्पर्धी मागच्या कोपऱ्यातून चेंडू मारत असताना टी-वरचा खेळाडू खांद्यावरून मागे वळून त्याच्याकडे बघत असतो. चेंडूच्या मागे रॅकेट कुठे आहे, खांदा किती वळला आहे, पाय भिंतीकडे आहे की कोर्टकडे, यावरून ड्राइव्ह येणार की बोस्ट, म्हणजे आधी बाजूच्या भिंतीवर मारलेला फटका, हे त्याला फटका लागण्याआधीच बरेचसे उमगते. आपल्याकडचा खेळाडू मात्र समोरच्या भिंतीकडे तोंड करून चेंडू नजरेस पडण्याची वाट बघतो आणि तेवढ्यात अर्धे पाऊल गमावतो. आपण कमी पडतो ते पायांत वेग नसल्यामुळे, अशी समजूत करून घेऊन लोक धावण्याचा सराव वाढवतात, आणि मान मात्र पुढेच राहते. एकच गोष्ट शिकायची असेल तर माझ्या मते हीच शिकावी. मागे बघताना चेंडू डोळ्याला लागण्याची भीती रास्त आहे, म्हणून पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा वापरावा. साधा नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे, तो फुटला तर इजा वाढतेच.

तिसरी गोष्ट एक लहानशी उडी. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणी टी-वरचा खेळाडू दोन्ही पायांवर किंचित उसळतो आणि गुडघे वाकवून उतरतो. उतरतानाच कोणत्या दिशेला रेटायचे ते ठरलेले असते. नेहमीच्या वेगात ती दिसतही नाही. चित्र संथ करून एक रॅली पाहा, प्रत्येक फटक्याला ती सापडेल.

पायरी पाचवी: कागदावर खुणा करा

आता चेंडूकडे वळा. कागदावर कोर्टचा आयत काढून त्याचे आडवे-उभे चार भाग करा. एका खेळाडूच्या प्रत्येक फटक्याचा पहिला टप्पा जिथे पडला तिथे ठिपका द्या. एका गेमपुरते केले तरी चालेल. बहुसंख्य ठिपके मागच्या दोन भागांत, त्यातही बाजूच्या भिंतींलगत दाटलेले दिसतील. सर्व्हिस बॉक्सच्या, म्हणजे जिथून सर्व्हिस करतात त्या चौकोनाच्या, मागच्या रेषेपासून मागच्या भिंतीपर्यंत अडीच मीटरांहून थोडी अधिक जागा उरते. व्यावसायिक खेळाडूचा चांगला ड्राइव्ह पहिला टप्पा तिथे घेतो आणि दुसरा मागच्या भिंतीच्या पायथ्याशी, त्यामुळे तो भिंतीवरून उसळून परत येतच नाही.

त्याच कागदाच्या कडेला प्रत्येक गुण कसा संपला ते लिहा: निर्विवाद जिंकणारा फटका, स्वतःहून केलेली चूक, की दडपणाखाली झालेली चूक. तिसऱ्या रकान्यात भर पडताना आधीचे चार फटके मागे जाऊन पुन्हा बघा. बहुतेकदा कथा अशी असते: दोघे डाव्या भिंतीलगत बॅकहँड ड्राइव्हची देवाणघेवाण करतात, सहावा-सातवा ड्राइव्ह वीतभर भिंतीपासून सुटतो, टी-वरचा खेळाडू तो व्हॉलीवर अडवून उजव्या पुढच्या कोपऱ्यात टाकतो, समोरचा मागच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका धावत जाऊन कसाबसा लॉब करतो, पण तो उंच जात नाही, मग मागे पुन्हा एक ड्राइव्ह आणि थकलेल्या पायांनी मारलेला चेंडू टिनवर. फलकावर ही टिनची चूक म्हणून नोंदली जाते, पण गुण गेला तो वीतभर सुटलेल्या त्या ड्राइव्हवर.

रॅली अशी दळत राहणे ही जुनी परंपरा आहे. १९८३मध्ये पाकिस्तानचा जहांगीर खान आणि इजिप्तचा गमाल अवाद यांचा सामना २ तास ४६ मिनिटे चालला होता. आजचा व्यावसायिक खेळ त्याहून आक्रमक आहे, टिन खाली आल्यामुळे तो तसा झाला. पण आपली टिन अजून जुन्याच उंचीवर आहे, तेव्हा आपल्याला त्या जुन्या खेळातूनही घेण्यासारखे बरेच आहे.

पायरी सहावी: थांबवा आणि ओळखा

खेळाडू चेंडूपाशी पोचला आणि रॅकेट मागे गेली की चित्र थांबवा. पुढचा फटका कोणता ते मोठ्याने सांगा आणि मग चालू करा. सुरुवातीला अंदाज वारंवार चुकतील. मागच्या कोपऱ्यांतले चेंडू तुलनेने लवकर ओळखता येतात, कारण तिथे पर्याय मोजकेच असतात. पुढच्या कोपऱ्यांतले फार उशिरापर्यंत कळत नाहीत, विशेषतः एलियाससारखा खेळाडू रॅकेट उचलून क्षणभर थांबतो तेव्हा. तो क्षण टी-वरच्याचे पाय जमिनीला खिळवतो. चौथ्या पायरीतली मान वळवण्याची सवय लागली तर या सरावाचा उपयोग होतो. नाहीतर हे नुसते मनोरंजन ठरते.

पायरी सातवी: सर्व्हिस, आणि लेटचे वाद

सर्व्हिसवर फार वेळ घालवू नये. व्यावसायिक खेळात तिच्यावर थेट गुण फारसे मिळत नाहीत. ती बाजूच्या भिंतीला उंच घासून मागे उतरते आणि परतवणारा ती बहुधा भिंतीलगत सरळ मागे पाठवतो. तेवढे सरळ परतवणे आपल्यालाही जमायला हवे.

लेट (रॅली पुन्हा खेळणे) आणि स्ट्रोक (अडवल्या गेलेल्याला थेट गुण) मात्र मन लावून पाहावेत, कारण क्लबांतली निम्मी भांडणे यांवरून होतात. फटका मारल्यावर प्रतिस्पर्ध्याला चेंडूपर्यंत सरळ वाट, चेंडू नीट दिसण्याची संधी, रॅकेट फिरवायला जागा आणि समोरच्या संपूर्ण भिंतीवर मारण्याची मोकळीक देणे हे मारणाऱ्याचे कर्तव्य आहे. अडथळा झाला, पण तो दूर करण्याचा पुरेपूर प्रयत्न झाला होता आणि चेंडूही परतवता आला असता, तर लेट. तसा प्रयत्न झाला नसेल, रॅकेट फिरवणेच अडले असेल किंवा हमखास जिंकणारा फटका हुकला असेल, तर स्ट्रोक. चेंडू मुळात हाती लागणारच नव्हता, तर काहीच नाही. पंचाचा निर्णय येण्याआधी चित्र थांबवून आपला निर्णय द्यावा. पंचविसेक प्रसंग असे तपासले की रविवारच्या सामन्यात आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

पायरी आठवी: कोर्टवर चाळीस मिनिटे

गृहसंकुलात स्लॉट बहुधा पाऊण तासाचा असतो आणि त्यात आधीचे लोक उशिरा निघतात, म्हणून आराखडा चाळीस मिनिटांचा धरावा. पहिली पाच मिनिटे चेंडू तापवण्यात जातात. पुढची दहा मिनिटे दोघांनी एकाच भिंतीलगत आळीपाळीने सरळ ड्राइव्ह मारावेत. सर्व्हिस बॉक्सच्या मागे, भिंतीलगत, दुमडलेला टॉवेल ठेवावा आणि तिथे टप्पा पाडायचा प्रयत्न करावा. टॉवेल पायात येणार नाही इतका लहान दुमडावा. पाच मिनिटे डावीकडे, पाच उजवीकडे.

त्यानंतर पंधरा मिनिटे अटींचा गेम: प्रत्येक चेंडूचा पहिला टप्पा मधल्या आडव्या रेषेच्या मागे पडलाच पाहिजे, व्हॉली मारायला मुभा आहे, ड्रॉप आणि बोस्टला नाही. यात ज्याची मान मागे वळत नाही तो लगेच उघडा पडतो. उरलेल्या दहा मिनिटांत नेहमीचा खेळ खेळावा, पण त्या आठवड्याची एकच गोष्ट मनात ठेवून. जोडीदाराला ती आधी सांगून ठेवली तर तो विसर पडताच हाक मारतो. जोडीदार उशिरा आला तर चेंडूविना टी-पासून सहा ठिकाणी, म्हणजे पुढचे दोन कोपरे, मागचे दोन आणि दोन बाजूंना, जाऊन-येऊन करावे. प्रत्येक परतीला ती लहान उडी मारावी. गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्यांनी हे हळू चालत केले तरी पावलांचा अंदाज पक्का होतो.

पायरी नववी: स्वतःचा गेम त्याच कागदावर

महिन्यातून एकदा गॅलरीतून किंवा मागच्या काचेमागून मोबाइलवर आपला एक गेम टिपून घ्यावा. क्लबची आणि जोडीदाराची परवानगी आधी घ्यावी. मग पाचव्या पायरीतलाच कागद काढून स्वतःच्या फटक्यांचे ठिपके द्यावेत. चौथ्या पायरीप्रमाणे चेंडू न बघता स्वतःकडे बघणे थोडे जिवावर येते, पण आपण किती वेळा फटका मारून तिथेच उभे राहतो हे तेव्हाच कळते. पुढचा सामना कोणाचा पाहायचा ते या कागदावरून ठरवावे: ठिपके सर्व्हिस बॉक्सच्या अलीकडे पडत असतील तर मॅकिन, टी-वर पोचायला उशीर होत असेल तर फराग किंवा घोषाल, आणि व्हॉलीवर घेता येण्यासारखे चेंडू मागे जाऊ दिले जात असतील तर कोल किंवा गोहर.